फुकटात, मैदानात 'जर्नी टू द वेस्ट' बसवायचंय? मग हे वाचा

पहिली गोष्ट, ही जुनी चिनी कादंबरी अख्खी करायचा मोह सोडा. शंभर प्रकरणं, त्यात संकटं 81, आणि समोरच्यांनी तिकीट काढलेलं नाही म्हणजे कंटाळा आला की चटई उचलून चालले. एकच प्रसंग घ्या, पाऊण तासात संपणारा. मला विचाराल तर 27वं प्रकरण, पांढऱ्या हाडांची राक्षसीण. गुरुजींचा चेला सुन वुकाँग, म्हणजे माकड, त्याला ती ओळखू येते, गुरुजींना येत नाही, बस एवढ्यावर सगळी गंमत आहे. (गुरुजी म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला तोच, पण कादंबरीतला भित्रा आणि हलक्या कानाचा आहे.)

राक्षसीण आधी जेवण घेऊन आलेली तरुणी होते, मग तिची म्हातारी आई, मग म्हातारा बाप. तिन्ही कामं एकाच कलाकाराला द्या. पहिल्या दोन्ही वेळा वुकाँगचा सोटा बसला की ती खोटं प्रेत टाकून सटकते, तर मोठी शाल पांघरून एन्ट्री घ्यायची, सोटा पडला की शाल तिथेच ढीग करून वाकत वाकत प्रेक्षकांमधून पळायचं, म्हणजे पोरं बोंबलणार "ती बघा पळाली" आणि गुरुजी ढिम्म. तिच्या भांड्यातलं जेवण म्हणजे बेडूक निघतात, रबरी बेडूक आणा, पहिल्या रांगेत फेका.

सेट नकोच, बॅकड्रॉप वाऱ्याने पडतोच. चिनी ऑपेरावाले एक टेबल दोन खुर्च्यांवर भागवतात, हातात चाबूक म्हणजे घोडा आला, स्टेजवर एक गोल चक्कर म्हणजे लांबचा प्रवास झाला, तमाशात पण हेच चालतं त्यामुळे आपल्या लोकांना समजावत बसायला लागत नाही.

संवाद निम्मे कापा, उघड्यावर शब्द उडून जातात, सोट्याच्या प्रत्येक फटक्याला झांज वाजली पाहिजे. संवाद स्वतःच लिहा, मूळ कादंबरी 1592 ला छापलेली, तिला कॉपीराइट नाही, पण नव्या अनुवादांना असू शकतो. संध्याकाळचं ऊन कलाकारांच्या तोंडावर येईल असं लोकांना बसवा, लाइटचा खर्च वाचतो. जागेची परवानगी मात्र लेखी घ्या.

आणि प्लीज, वुकाँगचा हनुमान करू नका! हा उद्धट, बढाईखोर, चटकन भडकणारा आहे, नमस्कार करत उभा राहिला की मेलं नाटक.

झोळी फिरवायचं काम गुरुजींच्या दुसऱ्या चेल्याला, डुकरतोंड्या बाजिएला द्या, तो खादाड आहे, त्याला मागताना लाज वाटत नाही.