बियरचे प्रकार समजून घ्यायचेत? आधी घरी माल्ट करा

ठाण्याच्या हिरानंदानी इस्टेटपासून वाशीपर्यंत कुठल्याही पबचं मेनूकार्ड उघडा. लागर, पिल्सनर, विटबियर, हेफेवायझन, स्टाउट, आयपीए अशी नावं समोर येतात, आणि बहुतेक जण "लाइट आहे की स्ट्राँग?" एवढंच विचारून मोकळे होतात. या नावांमागे चारच गोष्टी आहेत: मोड आणून वाळवलेलं धान्य म्हणजे माल्ट, कडवटपणा आणि सुवास देणारी वेलीची फुलं म्हणजे हॉप्स, आंबवणारं यीस्ट आणि पाणी. यातल्या पहिल्या दोन स्वयंपाकघरात स्वतः हाताळल्या की निम्मी बियर जिभेला कळते.

निम्मीच, कारण पुढे कायदा आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, आणि त्यात घरची बियरही आली. म्हणून आपण यीस्ट घालायचं नाही. माल्टचं गोड पाणी, ज्याला वॉर्ट म्हणतात, तिथे थांबायचं. यात मद्यार्क नसतो आणि थंड करून ते प्यायला छान लागतं.

जव भिजवणं आणि मोड आणणं

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात भुसाराच्या दुकानात सालासकट जव मागा. पॉलिश केलेल्या पांढऱ्या जवाला मोड येत नाहीत. पेरणीचं बियाणं मात्र घेऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं. जवाऐवजी ज्वारी वापरायचा मोहही टाळा. तिच्या कोवळ्या कोंबांत धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड तयार होतं.

अर्धा किलो जव निवडून, धुऊन सात-आठ तास भिजवा, मग पाणी काढून तेवढाच वेळ चाळणीत मोकळा ठेवा. पुन्हा भिजवा, पुन्हा निथळा. दाण्यालाही श्वास घ्यावा लागतो, सतत पाण्यात राहिला तर तो आंबतो. वजनकाट्यावर अर्ध्या किलोचे साडेसातशे ते आठशे ग्रॅम भरले आणि दाण्याच्या टोकाशी पांढरा ठिपका दिसला की भिजवणं पुरे झालं.

आता ओल्या सुती कापडावर बोटभर जाडीचा थर पसरा. दिवसातून दोनदा हाताने वरखाली करा, नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात आणि मधला भाग तापतो. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. मे महिन्यातल्या ठाण्याच्या दमट उकाड्यात मोडांपेक्षा बुरशी लवकर येते.

किती मोड आणायचे, हे बाहेरच्या मुळांवरून ठरवू नका. एक दाणा नखाने उभा चिरा. सालाखाली पाठीच्या बाजूने एक पांढरा कोंब सरकत असतो. तो दाण्याच्या पाऊण लांबीपर्यंत पोचला की थांबायचं. साधारण तीन-चार दिवस लागतात. दाणा बोटांत चुरडला तर खडूसारखं पीठ पसरतं. त्याच्या आत पिठाची साखर करणारी एन्झाइम्स तयार झालेली असतात. नाचणीसत्व करताना आपल्या घरांत नेमकं हेच होत आलं आहे.

वाळवणं आणि भाजणं

पंख्याखाली दिवसभर, मग ओव्हनमध्ये ५० अंशांवर दार किंचित उघडं ठेवून दाणा कुडकुडीत होईपर्यंत वाळवा. ओला दाणा एकदम तापवला तर एन्झाइम्स मरतात आणि मेहनत वाया जाते. कोरडा झाल्यावर ८० अंशांवर तीनेक तास ठेवा, बिस्किटासारखा वास सुटतो. कापडात चोळून मुळं मोकळी करा आणि सुपाने पाखडा, ती कडवट असतात.

यातला मूठभर माल्ट कढईत मंद आचेवर कॉफीसारखा वास येईपर्यंत भाजून वेगळा ठेवा.

साखर काढणं

उरलेला माल्ट मिक्सरमध्ये थांबत थांबत भरडा. पीठ करू नका, साल शाबूत राहिलं तर गाळणं सोपं जातं. सव्वा लिटर पाणी ७२ अंशांपर्यंत तापवून त्यात भरड घाला. मिश्रण ६६ अंशांच्या आसपास स्थिरावतं. ते कॅसरोलमध्ये तासभर झाकून ठेवा. इथे थर्मामीटर हवाच. ६३ अंशांवर ठेवलं तर आंबल्यानंतर हलकी, कोरडी बियर देणारा वॉर्ट निघतो. ६९ वर ठेवलं तर न आंबणारी साखर जास्त राहते आणि बियर तोंडात भरीव लागते. तीन-चार अंशांनी चव बदलते, हे मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

तासाभराने चमचाभर पाणी बशीत घेऊन आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर पीठ उरलं आहे, आणखी थोडा वेळ द्या. बशीतलं पाणी फेकून द्या. मग मलमलच्या कापडातून गाळा आणि वरून लिटरभर ७५ अंशांचं पाणी ओता.

तीन पेले

वॉर्टचे तीन भाग करा. पहिला नुसता वीस मिनिटं उकळा. दुसऱ्यात भाजलेला माल्ट दहा मिनिटं मुरवून गाळा आणि मग उकळा. तिसऱ्यात लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने हॉप्सच्या गोळ्या घालून तासभर उकळा, पाणी आटेल तेवढं भरत राहा. या गोळ्या ऑनलाइन मिळतात. हॉप्समधली आम्लं उकळीने रूप बदलतात, म्हणून कडवटपणा येतो. शेवटच्या पाच मिनिटांत घातले तर कडू कमी आणि सुवास जास्त.

लगेच थंड करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. हवेतलं यीस्ट आपल्या गरमीत झपाट्याने कामाला लागतं. बंद बाटली बाहेर राहिली तर ती फुटूही शकते.

आता मेनूकार्ड वाचा

पहिला पेला पिल्सनरकडे नेतो. १८४२ साली बोहेमियातल्या प्लझेन गावात योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने फिक्या माल्टची सोनेरी लागर केली आणि आज जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक बियर तिच्याच वंशातल्या आहेत. दुसरा पेला स्टाउटचा. काळा रंग भाजण्यातून येतो, त्याचा मद्यार्काशी संबंध नाही. काळीकुट्ट गिनेस ड्राफ्ट सव्वाचार टक्क्यांच्या आसपास असते, तर आपल्याकडच्या पिवळ्याधमक 'स्ट्राँग' बियर आठ टक्क्यांपर्यंत जातात. तिसरा पेला आयपीएची, म्हणजे इंडिया पेल एलची, दिशा दाखवतो. कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात: गव्हाची हेफेवायझन ८ ते १५, अमेरिकन आयपीए ४० ते ७०.

यीस्टचा वाटा मात्र पबमध्येच चाखावा लागतो, अर्थात वयाची २१ वर्षं पूर्ण असतील तर. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंशांच्या थंडीत सावकाश काम करतं आणि मागे फारशी चव सोडत नाही. एलचं (स्टाउट, आयपीए, हेफेवायझन या गटाचं) यीस्ट १८ ते २२ अंशांवर फळांचे वास सोडतं. हेफेवायझनमध्ये येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास निव्वळ यीस्टचा असतो, त्यात ना केळं असतं ना लवंग. बेल्जियन विटबियरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. हे दोन पेले शेजारी ठेवून हुंगले की फरक कायमचा लक्षात राहतो.

छोटे पेले मागवा, फिक्याकडून गडदाकडे आणि कमी कडूकडून जास्त कडूकडे जा. स्टाउट बर्फासारखी गार आली तर दहा मिनिटं थांबा, थंडीत वास दबतो. आणि बाटलीतली आयपीए घेताना तारीख बघा. हॉप्सचा सुवास महिन्यागणिक उतरतो, त्यामुळे जुनी बाटली घेऊ नका, आणि दुकानात उन्हात मांडलेलीही नको.