वैद्यकीय शिक्षण घेताना उमेद कशी टिकवावी

वैद्यकीय विद्यार्थ्याची उमेद खचते ती बहुधा अभ्यास अवघड असल्यामुळे नव्हे, तर तो कधीच संपत नसल्यामुळे. म्हणून ‘एवढे वाचून होऊ दे, मग बाकीचे पाहू’ हा बेत सर्वांत आधी सोडून द्यावा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेची जी मांडणी केली, तिच्यात ध्येय, तिथवर जाणाऱ्या वाटा आणि त्या चालत राहण्याचे बळ या तिन्हींचा विचार आहे. आपल्या कामाच्या आहेत त्या वाटा, आणि त्या एकाहून अधिक हव्यात. शरीररचनाशास्त्राच्या चाचणीत मी नापास झाले, तेव्हा जोमाने अभ्यास करण्याची प्रतिज्ञा केली होती. ती आठवडाभरही टिकली नाही. उपयोगी पडले ते इतकेच की, रोज पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे, काढायचे, चुका लाल शाईने दुरुस्त करायच्या, आणि ज्या दिवशी हात चालणार नाही त्या दिवशी ते मैत्रिणीला तोंडी समजावून सांगायचे. त्यातली मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह ही नस मी चार दिवस मीडियल कॉर्ड या जुडग्यातून काढत होते. ती लॅटरल कॉर्डमधून निघते, हे लाल शाईनेच डोक्यात बसवले. पाचव्या दिवशी ती बरोबर आली, तेव्हा मला वाटली ती आशाच होती.

कृतज्ञतेबाबत 2003 साली एमन्स आणि मॅककलो यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, दर आठवड्याला कृतज्ञ वाटावे अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा त्यांना आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. वही जरूर ठेवावी, पण ‘कुटुंब, आरोग्य, मित्र’ असे लिहू नये, कारण तिसऱ्या आठवड्यापासून ती नोंद हजेरीपटासारखी होते. नोंदीत माणूस आणि प्रसंग असावा. माझ्या वहीत एक आजोबा आहेत. त्यांच्या हृदयातली मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबत येणारा जादा आवाज, ऐकायला आम्ही नऊ जण एकामागून एक वाकलो होतो आणि माझी पाळी आली तेव्हा ते स्वतःच म्हणाले, “जरा काखेकडे सरकव, तिथेही ऐकू येते म्हणतात.” मायट्रल झडपेच्या गळतीचा आवाज काखेकडे पसरतो, हे मी वाचले होते, ऐकवले मात्र त्यांनी.

अशा ऋणाची परतफेड कृतीतून करता येते: स्टेथोस्कोपची चकती आधी तळहातावर ऊबदार करावी, तपासून झाल्यावर पांघरूण नीट करावे आणि रुग्णाला नावाने आभार सांगून मगच सरांकडे वळावे. शवविच्छेदनाच्या टेबलावरही देहदात्याचा जो भाग त्या दिवशी पाहायचा नसेल, तो ओल्या कापडाने झाकून ठेवावा.

समतोलाविषयी माझे म्हणणे थोडक्यात सांगते. प्रौढांना किमान सात तास झोप हवी आणि वाचलेले स्मरणात पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, त्यामुळे वेळापत्रकात झोप आधी आखून उरलेल्या वेळात अभ्यास बसवावा. आठवड्यातली एक संध्याकाळ वैद्यकाबाहेरच्या माणसांसाठी राखावी. आमच्या बोलण्यात तर जेवतानाही प्लीहा येते.

उदासी बहुतेक दिवसभर आणि सलग दोन आठवडे राहिली, कशातच रस वाटेना, तर वहीवर विसंबू नये. डॉक्टरांची वेळ घ्यावी. जगणे नको असे विचार आले तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घेऊन जावे.