जाम झालेले नट कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंचने कसे सोडवायचे: रोटाव्हेटर, ट्रॉली आणि कारसाठी

पाच फुटी रोटाव्हेटरला साधारण ३६ पाती असतात, प्रत्येक पात्याला दोन बोल्ट, म्हणजे ७२ नट, आणि त्यातले निम्मे तरी मातीत, पाण्यात राहून असे बसलेले असतात की रिंग पान्ह्याला पाईप लावून दोघं लटकले तरी हलत नाहीत. अशा कामाला बॅटरीवरचा इम्पॅक्ट रेंच म्हणजे खरंच मोठा आधार आहे, दिवसभराचं काम दुपारच्या आत उरकतं आणि कंबर शाबूत राहते. पण नीट वापरला नाही तर हेच मशीन बोल्ट तोडतं, आटे मारतं, वेळ पडली तर माणसालाही इजा करतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी हे मशीन करतं काय ते समजून घ्या, मग पुढचं आपोआप कळतं. साधं ड्रिल नुसतं पिळतं. नट अडला की तोच पीळ उलटा तुमच्या मनगटाला बसतो. इम्पॅक्टमध्ये आत एक जड हॅमर असतो, नट अडला की तो स्प्रिंगवर मागे सरकतो आणि सुटून पुढे जोरात आपटतो, मिनिटाला ३ हजाराच्या आसपास असे ठोके पडतात. त्यामुळे हाताला झटका फार कमी लागतो आणि नटाला मात्र पीळ आणि हादरा दोन्ही मिळतं. गंजाची पकड हादऱ्यानेच सुटते. ६० किलोचा माणूस १ मीटर लांब पाईपच्या टोकाला उभा राहिला की साधारण ५९० न्यूटन मीटर टॉर्क (पिळाचा जोर) होतो, तेवढ्यात न सुटलेला नट कधीकधी त्याहून कमी टॉर्कच्या इम्पॅक्टने सुटतो तो ह्या हादऱ्यामुळे.

घेताना काय बघायचं? बाजारात डब्यावर ४८, ८८, १२८ व्होल्ट असले आकडे छापलेली स्वस्त मशीन आहेत, त्या आकड्यांवर अजिबात जाऊ नका. बॅटरीत सेल किती ते विचारा. लिथियमच्या एका सेलचे ३.६ व्होल्ट, असे ५ सेल एकापुढे एक जोडले की १८, आणि तेच पूर्ण चार्ज असताना ४.२ च्या हिशोबाने २१. म्हणजे १८ वाली, २० मॅक्स वाली आणि २१ वाली बॅटरी बहुतेक वेळा एकाच जातीची असते. टॉर्कचे पण दोन आकडे असतात, आवळायचा वेगळा आणि सोडवायचा वेगळा, आणि जाहिरातीत मोठा असतो तोच छापतात. बॉश जीडीएस १८व्ही-४०० आवळताना ४०० न्यूटन मीटर आणि सोडवताना ६०० देतं, मकिता डीटीडब्ल्यू३०० आवळताना ३३० आणि सोडवताना ५८० देतं. शेती, कार, पिकअप ह्यासाठी अर्धा इंच ड्राइव्हचं (ड्राइव्ह म्हणजे मशीनचं पुढचं चौकोनी टोक) ह्या रेंजमधलं ब्रशलेस, म्हणजे मोटरमध्ये कार्बन ब्रश नसलेलं, मशीन पुरतं. ट्रकच्या चाकाचे नट ६०० च्या आसपास आवळलेले असतात आणि वर गंज, ते काम ३/४ किंवा १ इंच ड्राइव्हचं आहे, अर्धा इंचवाल्याने तासभर बडवत बसून मशीन जाळू नका. आणि बॅटरी ४ किंवा ५ एएचचीच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) घ्या. २ एएचमध्ये सेल कमी, लोड आला की व्होल्टेज पडतो आणि तेच मशीन नरम लागतं, मग लोक मशीनला दोष देतात.

आता गोटी, म्हणजे मशीनच्या टोकाला लावून नटावर बसवायचं सॉकेट. ह्यावर थोडा वेळ घालवणार आहे कारण इथेच लोक पैसे वाचवतात आणि इथेच डोळे जातात. घरातल्या पान्ह्याच्या सेटमधली चकचकीत क्रोमवाली गोटी इम्पॅक्टवर लावायची नाही, म्हणजे नाहीच. ती हाताच्या पिळासाठी बनवलेली कडक स्टीलची असते, ठोक्याने तडकते आणि तुकडा उडतो. इम्पॅक्टची गोटी काळी, जाड भिंतीची, क्रोम मोली ह्या चिवट स्टीलची असते, ती ठोका सहन करते. सहा कोनांचीच घ्या, बारा कोनांची गोटी कोपऱ्यावर पकडते आणि गंजलेला नट गोल करून टाकते. आपल्याकडे जास्त लागणारे साईज म्हणजे एम१० (१० मिलिमीटर जाडीचा बोल्ट) ला १७ मिलिमीटरची गोटी, एम१२ ला १९, एम१४ ला २२, एम१६ ला २४. काही नव्या बोल्टांना १६, १८, २१ पण लागते, तेव्हा "जवळजवळ बसतेय" म्हणून मोठी गोटी चढवू नका. एक्स्टेंशन जेवढं कमी तेवढं बरं, लांब दांडी आणि युनिव्हर्सल जॉइंट ठोक्याचा बराच जोर खाऊन टाकतात. नट सुटत नसेल तर आधी एक्स्टेंशन काढून थेट गोटी लावता येते का बघा, अर्ध्या वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

ट्रिगर दाबायच्या आधीची तयारी हेच खरं काम आहे असं माझं ठाम मत आहे. काळ्या मातीचा राप आट्यात बसून सिमेंटसारखा होतो, तो तारेच्या ब्रशने खरवडून काढायचा, बाहेर आलेले आटे स्वच्छ दिसले पाहिजेत. नटाच्या तोंडावर माती असेल तर गोटी पूर्ण बसत नाही, वर वर बसली की कोपरे मरतात. मग गंज सोडवणारा स्प्रे किंवा तेल मारा, हातोडीने नटावर दोनचार ठोके द्या म्हणजे तेल आत जिरेल, आणि थांबा. लोकं स्प्रे मारतात आणि लगेच मशीन लावतात, त्याला काही अर्थ नाही. जमलं तर आदल्या संध्याकाळी मारून ठेवा, सकाळी परत एकदा. डिझेलने पण काम होतं पण सावकाश.

रोटाव्हेटर असेल तर सुरक्षेचं आधी. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणारा दांडा) काढलेला. नुसतं हायड्रॉलिकवर उचलून खाली हात घालायचा नाही, लिफ्ट हळूहळू बसते किंवा कुणीतरी लिव्हरला हात लावतो आणि संपलं. खाली लाकडाचे भक्कम ठोकळे किंवा स्टँड लावायचेच. डोळ्याला चष्मा, कानाला काहीतरी, कारण आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो, बंद शेडमध्ये तर डोकं बधिर होतं. गळ्यातला गमछा काढून ठेवा. आणि पाती काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, डावी उजवी पाती वेगळी असतात, टोकाच्या चकतीवरची सगळी आत वळलेली असतात, ते चुकलं तर जमीन नीट होत नाही आणि मशीन थरथरतं.

आता प्रत्यक्ष सोडवणं. गोटी नटावर सरळ आणि पूर्ण बसवा, दुसऱ्या बाजूने बोल्टचं डोकं रिंग पान्ह्याने धरायचं. पण हाताने धरायचं नाही, पाना फिरून फ्रेमला किंवा ठोकळ्याला टेकेल असा लावून ठेवायचा आणि हात बाहेर. मशीन चालू झालं की पाना सटकन फिरतो, मधे बोट असेल तर तुटायची वेळ येते, ही गोष्ट मुलांना काम शिकवताना पहिल्यांदा सांगा.

पहिला ठोका आवळायच्या दिशेने द्या. अगदी क्षणभर, फास्टवर नाही. गंजाची पकड कुठल्याही दिशेने हलली तरी तुटते. मग उलट करून २-३ सेकंद ठोके द्या, थांबा, तेल मारा, परत २-३ सेकंद. नट हलायला लागला की आवाज बदलतो, खणखण आवाज जाऊन जरा मऊ होतो, तो कानाला ओळखीचा झाला की काम सोपं. १० सेकंद सलग मारूनही काहीच हललं नाही तर ट्रिगर धरून उभं राहू नका, मशीन तापतं, बॅटरी तापते आणि नट गोल होतो.

बरं, अर्धा फिरला आणि मग अडला तर? इथे घाई म्हणजे बोल्ट तुटलाच समजा. आट्यात गंजाचा चुरा अडकलेला असतो, तेव्हा थोडा मागे, थोडा पुढे, तेल, परत थोडा मागे असं करत आणायचा. रोटाव्हेटरला बोल्ट तुटला तरी चालतंय, नवीन १४ चा बोल्ट स्वस्तात मिळतो, तिथे मी तर म्हणतो नट फारच सडलेला असेल तर वेळ घालवू नका, ४ इंची ग्राइंडरने उभा चिरून टाका. पण इंजिनच्या ब्लॉकमध्ये किंवा हबमध्ये बसलेला बोल्ट तुटला तर ड्रिल करून काढण्यात दिवस जातो, तिथे धीर धरा.

तरीही नाहीच सुटला तर उष्णता. नट गरम केला की प्रसरण पावतो, ३०० अंशाने तापवला तर २० मिलिमीटरला जेमतेम ०.०७ मिलिमीटरचा फरक पडतो पण गंजाची पकड सोडायला तेवढा खूप झाला. गॅस टॉर्चने नट तापवा, बोल्ट नाही. तापलेल्या नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यात ओढलं जातं आणि जरा गार झाल्यावर मशीन लावलं की बहुतेक वेळा सुटतो. स्प्रे मारलेल्या जागी लगेच ज्योत न्यायची नाही, आधी पुसून घ्या. जस्त चढवलेला बोल्ट तापवायचा नाही, धूर विषारी असतो. आणि हवा भरलेला टायर असलेल्या रिमला कधीच, कधीच ज्योत लावू नका, टायर फुटून माणसं मेलेली आहेत. तापवलेला बोल्ट परत वापरायचा नाही, त्याची ताकद गेलेली असते.

दिशा पण तपासा. ग्रास कटरच्या पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेने सुटतो. सायकलचं डावं पेडल तसंच. काही जुन्या ट्रकच्या डाव्या बाजूच्या चाकांना पण उलटे आटे असतात. जितकं बडवाल तितका आवळत जाणार, म्हणून हट्टी नट भेटला की उघड्या आट्यांकडे एकदा नीट बघून घ्या.

कारचं चाक काढताना गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करा, मग जॅक, मग स्टँड. अलॉय व्हील असेल तर पातळ भिंतीची, बाहेरून प्लास्टिकचं कव्हर असलेली गोटी मिळते ती घ्या नाहीतर रिमवर चरे पडतात.

आणि परत बसवताना मशीन जपून. माझं म्हणणं एवढंच की मशीन सोडवायला आहे, शेवटचं आवळणं हाताने. सुरुवातीचे तीन चार आटे बोटाने फिरवा, सहज गेले पाहिजेत, अडत असेल तर नट तिरका चढलाय, तिथे मशीन लावलं की आटे मेले. मग सगळ्यात कमी स्पीडला नट टेकेपर्यंत आणा आणि थांबा. पुढे टॉर्क रेंच, समोरासमोरचे नट घेत घेत. कारच्या चाकाला गाडीप्रमाणे साधारण ८५ ते १२५ न्यूटन मीटर लागतो, तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेला असतो. आणि इम्पॅक्टने ३०० ने आवळून ठेवलेला नट पावसात रस्त्याकडेला घरच्या माणसाकडून व्हील पान्ह्याने सुटत नाही हे टायरवाल्याला सांगायला लाजू नका, समोर उभं राहून हाताने आवळून घ्या. ८.८ ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा दर्जा) बोल्टला अंदाजे एम१० ला ५० न्यूटन मीटर, एम१२ ला ८०, एम१४ ला १३५, एम१६ ला २१० पुरतो, ग्रेड डोक्यावर कोरलेला असतो.

काही ठिकाणी मशीन न्यायचंच नाही. स्पार्क प्लग, इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट, ॲल्युमिनियममध्ये बसणारं काहीही, एम८ आणि त्याखालचे बोल्ट. स्टेनलेसचे नटबोल्ट पण, कोकणात गेटला आणि सगळीकडे सोलरच्या स्ट्रक्चरला असतात ते, वेगाने फिरवले की घर्षणाने आटे एकमेकांना चिकटून जातात आणि मग कापल्याशिवाय सुटत नाहीत. ते हाताने, थोडं ग्रीस लावून.

बॅटरीचं काय, तर काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, आधी सावलीत गार होऊ द्या. विदर्भ मराठवाड्यात उन्हाळ्यात ४४-४५ अंशात गाडीच्या डिकीत ठेवली तर आयुष्य कमी होणारच. हंगाम संपून महिने महिने ठेवायची असेल तर निम्मी चार्ज करून, मशीनमधून काढून, कोरड्या जागी ठेवा.

आणि रोटाव्हेटरला नवीन पाती लावली असतील तर नवीन नट, नवीन स्प्रिंग वायसर वापरा, आट्याला हलकं तेल लावलं तरी पुढच्या वर्षी सोडवताना फरक कळतो. मात्र तेल लावलेल्या आट्याला तोच टॉर्क जास्त आवळतो, म्हणून वरच्या आकड्यापेक्षा जरा कमीच ठेवा. पहिला तासभर शेतात चालवलं की बांधावर थांबून, ट्रॅक्टर बंद करून, खाली ठोकळे लावून सगळे नट एकदा हाताने तपासा. कारचं चाक काढलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर तसंच.