फेरेट आत बसलंय, आता खणायचं: ब्रेकलंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

इंग्लंडच्या नॉरफकमध्ये थेटफर्डच्या आसपास, म्हणजे ब्रेकलंड भागात, राहायला आलात, की पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी शेजारी विचारेल, 'शनिवारी सशांना येता का?' म्हणजे फेरेट नावाचा मुंगसासारखा पाळीव प्राणी बिळात सोडून सशांची शिकार करायला. जरूर जा. एरवी मोजकंच बोलणारी इथली माणसं शेताच्या बांधावर मोकळी होतात. पण जाण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बिळात सोडलेलं फेरेट हाती लागल्याशिवाय कुणी घरी जात नाही, मग अंधार पडो की पाऊस येवो. ससे किती मिळाले हे दोन दिवसांत सगळे विसरतात. खणायची वेळ आली तेव्हा तुम्ही फावडं उचललंत की गाडीत जाऊन बसलात, हे मात्र गाव विसरत नाही.

आपल्याकडचा रानससा बीळ करत नाही, गवतात खळगा करून बसतो. इथले ससे जमिनीखाली वस्ती करून राहतात आणि एकाच वस्तीला कितीतरी तोंडं असतात. नॉर्मन लोकांच्या काळात इथे ससे पाळायला लागले, आणि ब्रेकलंडची रेताड जमीन त्यांना मानवली. थेटफर्डच्या जंगलात 1400 च्या सुमारास बांधलेला वॉरन लॉज अजून उभा आहे; सशांच्या राखणदाराची ती दगडी गढी. रविवारी मुलांना घेऊन जरूर बघून या. शेजारच्या ब्रँडन गावात सशांच्या केसांपासून टोप्यांचं फेल्ट बनवायचा मोठा धंदा होता. आता तोच ससा पीक खातो, आणि 1954 च्या पेस्ट्स ॲक्टप्रमाणे त्याचा बंदोबस्त करणं ही जमीन कसणाऱ्याची जबाबदारी आहे. म्हणून शेतकरी फेरेटवाल्यांना बोलावतात.

भारतात 1972 च्या कायद्यामुळे शिकार बंद, त्यामुळे आपल्यातले बरेच जण आधी दचकतात. इथे जमीनवाल्याची परवानगी असेल तर हे कायदेशीर आहे. परवानगी लेखी आहे ना, हे विचारायला संकोचू नका. ती नसेल तर ते पोचिंग, म्हणजे चोरटी शिकार, आणि व्हिसावर असताना पोलिसांत नाव जाणं कुणालाच परवडत नाही.

फेरेट म्हणजे मुंगसाच्या बांध्याचा, माणसाळवलेला पोलकॅट. बिळांच्या तोंडांवर छोटी जाळी लावायची, आत फेरेट सोडायचं, घाबरून बाहेर पळालेला ससा जाळ्यात अडकतो. हंगाम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. वसंतात बिळात पिल्लं असतात, फेरेट ती मारून खाऊन तिथेच झोपतं. हिवाळ्यातही हे होतंच. कधी ते ससा आतच मारतं आणि त्याच्याजवळ पडून राहतं. कधी ससा बिळाच्या बंद टोकाला पाठ फिरवून घट्ट बसतो, आणि फेरेट मागून त्याला ओरबाडत राहतं. पुढे वाट नाही आणि मागे फिरायचं मन नाही. अशा वेळी खणून काढण्यावाचून इलाज नसतो.

फेरेटच्या गळ्यात ट्रान्समीटरचा पट्टा असतो आणि माणसाच्या हातात रिसीव्हरची पेटी. सोडण्याआधी पट्टा पेटीजवळ धरून चालतोय ना हे दर वेळी तपासायचं, अगदी कालच बॅटरी घातलेली असली तरी. जुन्या पेट्या टकटक करतात, नव्या पडद्यावर खोलीचा आकडा दाखवतात. शेजाऱ्याकडे जुनी असेल तर बटण आधी शेवटच्या आकड्यावर, म्हणजे 8 फुटांवर ठेवून पेटी जमिनीलगत फिरवायची. आवाज सापडला की बटण हळूहळू खाली आणायचं. शेवटी वीतभर जागेतच टकटक उरते. फेरेट त्याच्या बरोबर खाली असतं, आणि बटणावरचा आकडा म्हणजे अंदाजे खोली. आवाज सरकत असेल तर फावड्याला हात लावू नका, ते अजून काम करतंय. पाच-दहा मिनिटं तो एकाच जागी राहिला की तिथे काडी रोवायची.

वरचं गवत मातीसकट चौकोनी कापून बाजूला ठेवायचं, ते शेवटी लागतं. मग लांब, अरुंद पात्याच्या फावड्याने सरळ खाली. दर फूटभराने थांबून पेटी खड्ड्यात धरायची, कारण ते सरकलेलं असू शकतं. आवाज अगदी जवळ आला की फावडं बाहेर ठेवायचं. नवख्यांचा धीर सुटतो तो इथेच. शेवटची नऊ-दहा इंच माती हातानेच काढायची. पातं बिळात घुसलं तर खाली जिवंत जनावर आहे. बिळाचं छत फुटलं की आत पडलेली माती ओंजळीने उपसायची, नाहीतर त्यांची हवा कोंडते. बहुतेक वेळा आधी फेरेटची शेपटीकडची बाजू दिसते. मूठ झपकन पुढे नेऊ नका, त्याला हाताचा वास घेऊ द्या आणि मग खांद्यांमागून अलगद उचला. ते कधी चावतंच, पण कामाच्या झटक्यात. त्यानंतर हात आत घालून ससा काढायचा, आणि त्याच्या पलीकडे दुसरा नाही ना हे चाचपायचं. तो मारायचं काम जाणत्यावर सोडा. क्षणात झालं पाहिजे.

खणणं चालू असताना जाळी काढायची नाहीत. वस्तीवर पाय आपटू नका, मोठ्याने बोलू नका, कारण माणसांची चाहूल लागली की ससे बाहेर यायला धजत नाहीत. इथली रेताड माती खणायला सोपी, पण कडा ढासळतात. खड्डा कंबरेएवढा होणार असेल तर तोंड आधीच रुंद करा, आणि डोकं आत घालून कुणी एकट्याने काम करू नये.

बिळाचं तोंड फार मोठं, आडवं पसरट दिसलं तर लांबच राहा. ते बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याचं घर असू शकतं, आणि 1992 च्या कायद्याने त्याला धक्का लावणं गुन्हा आहे.

पट्टा बंद पडला आणि रात्र झाली तर? जमीनमालकाला कळवून एक सोडून बाकी सगळी तोंडं बंद करायची. उघड्या तोंडाशी फेरेटला ठेवायची पेटी, आत सुकं गवत आणि सशाचा एक तुकडा ठेवायचा, आणि उजाडायच्या आत परत यायचं. पुष्कळदा ते पेटीत गुरगुटून झोपलेलं सापडतं. नाही सापडलं तर पुन्हा शोध. अशा पहाटे शेजाऱ्याबरोबर थर्मास घेऊन जाणारा माणूस मग त्या घरचाच होतो.

शाकाहारी असाल तर आधीच सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही. रिसीव्हरची पेटी धरणं, माती उपसणं, खड्डा बुजवणं ही कामं आहेतच. बुजवताना माती तुडवून दाबा आणि गवताचा चौकोन वर बसवा. पोकळ राहिलेल्या खड्ड्यात मेंढीचा किंवा घोड्याचा पाय मोडतो, आणि परवानगी कायमची जाते. खाणारे असाल तर डोळे सुजलेला, चिकटलेला ससा घेऊ नका, तो मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आहे. चांगला मिळाला तर लक्षात ठेवा, या मांसाला चरबी नसते. काळा मसाला, सुकं खोबरं घालून मंद आचेवर झाकून शिजवा, पाणी आटू देऊ नका.

सर्दी-तापाने आजारी असाल तर जाऊच नका. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. 1933 साली लंडनच्या शास्त्रज्ञांना फ्लूचा विषाणू सापडला तो फेरेटमुळेच.

आणि लगेच स्वतःचं फेरेट आणायची घाई नको. एक हिवाळा इतरांबरोबर काढा. नंतर आणायचंच असेल तर दोन आणा, त्यांना सोबत लागते. मादी घेणार असाल तर व्हेटशी आधी बोला: माजावर आलेल्या मादीचं वेळेवर काही केलं नाही तर तिचं रक्त घटत जाऊन ती दगावते.