आगोटीच्या यादीत टायर लिहा

दापोली-हर्णै रस्त्यावर माझं पंक्चर-टायरचं दुकान आहे. मे संपत आला, लोकांची आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, शाकारणं, सुकी मासळी, मसाले भरून झाले की मग गाडी आठवते. रोहिणीचा पहिला शिडकावा पडला की दारात रांग, आणि सगळ्यांची मागणी एकच: "चिखलात चालणारे टायर दाखवा."

मी विचारतो, चिखल कुठला? लाल मातीची पाणंद, शेवाळलेला जांभा आणि किनाऱ्याची वाळू, म्हणजे पुळण, तिन्हींना टायर वेगवेगळा लागतो. आणि या तिन्हींपेक्षा जास्त किलोमीटर तुम्ही ओल्या डांबरावर काढता, ते कोणी मोजतच नाही.

बाजारात ढोबळ तीन जाती आहेत. एच-टी म्हणजे रस्त्याचा, ए-टी म्हणजे मिसळ, एम-टी म्हणजे निव्वळ चिखलाचा. एम-टीचे ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा रुंद, त्यामुळे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. बारीक नक्षीच्या टायरमध्ये आपली चिकट लाल माती बसली की दोन फेऱ्यांत टायर गोटा होतो, मग कितीही रेस करा. पण हाच एम-टी भिजलेल्या डांबरावर ब्रेक मारताना दगा देतो. ठोकळे मोठे म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि पाणी कापणाऱ्या बारीक चिराही कमी. वर आवाज असा की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. वाडीपर्यंत दोन किलोमीटर कच्चा रस्ता आणि महिन्यातून चारदा कुंभार्ली घाट असेल, तर ए-टी घ्या. एम-टी मी फक्त चिरेखाणीवाल्यांना आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रोज जाणाऱ्यांना देतो.

रुंदीचा मोह आवरा. पाणंदीत वर चार बोटं राड आणि खाली टणक जांभा असतो. तिथे अरुंद टायर राड कापून खालपर्यंत पोचतो, रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. बोलेरोचा २१५/७५ आर १५ इकडे उगाच टिकून नाही. २१५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के बाजूची उंची, सुमारे १६१ मिलिमीटर, आणि १५ इंची रिम. ती उंच बाजूच खड्ड्यात रिम वाचवते. २३५/५५ आर १८ ची बाजू जेमतेम १२९ मिलिमीटर भरते. दिसायला झकास, पण जांभ्याची कड लागली की रिम वाकलीच. पुढे १०० सारखा आकडा असतो, तो एका टायरला ८०० किलो भार सांगतो. मासळी, बर्फ, चिरे वाहत असाल तर मूळ आकड्याखाली उतरू नका.

आता शेवाळाचं. मागच्या वर्षी एक काका गाडी घेऊन आले. घराकडच्या जांभ्याच्या चढावर चाकं जागेवरच फिरत होती. नक्षी बघितली तर जवळजवळ नवी! मी बाजूवरचा तारखेचा आकडा शोधला: २३१५. म्हणजे २०१५ सालातला २३ वा आठवडा. गाडी मुंबईत उभीच असायची, टायर झिजला नाही, नुसता वाळला. ठोकळ्यावर अंगठ्याचं नख दाबलं तर खूणसुद्धा उमटेना, आणि बाजूला केसाएवढ्या भेगा. काकांना नवीन टायरवर तेच नख दाबायला दिलं, मग पटलं. म्हणून दुकानातून टायर घेताना तो चार आकडी शिक्का स्वतः वाचा. "नवीनच आहे" हे ऐकून घ्यायचं, आकडा बघून पैसे द्यायचे.

खाचेत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून १.६ मिलिमीटर उरली की ते तिच्या बरोबरीला येतात. कायदा तिथे थांबतो. मी पावसाळ्यासाठी ३ वरच बदला म्हणतो, कारण खाच उथळ झाली की पाण्याला जायला वाट नाही आणि गाडी पाण्यावर चढते. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे घाला. सगळे पुढे मागतात. पण ओल्या वळणावर पुढचं चाक घसरलं तर निदान हाताला कळतं. मागचं घसरलं तर कळेपर्यंत गाडी आडवी.

पुळणीवर मात्र टायरच्या जातीपेक्षा हवा महत्त्वाची. कर्द्याला एका पाहुण्यांची भलीमोठी गाडी रुतली होती, जाडजूड एम-टी, आणि टायरवर तीन शिखरांचा डोंगर नि आत हिमकण. म्हणाले, "अहो, हा बर्फात चालतो!" तो शिक्का बर्फावरच्या चाचणीचा आहे, कोरड्या वाळूबद्दल तो काही सांगत नाही. बर्फाळ मुलखासाठी केलेलं खास मऊ रबर साधारण ७ अंशांखालच्या थंडीत कामाचं, आपल्या उन्हात ते लवकर झिजतं. एक गोष्ट मात्र भुसभुशीत बर्फाची आणि वाळूची सारखी: टायर लांब पसरला पाहिजे. मी चारही चाकांतली हवा ३३ पौंडांवरून १६ वर आणली, चाकांपुढची वाळू हातांनी सारली आणि दुसऱ्या गिअरवर हळू उचलायला लावली. गाडी निघाली. त्याआधी त्यांनी रेस करकरून ठोकळ्यांनी स्वतःसाठी खड्डाच खणला होता. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो. आणि डांबरावर चढण्याआधी हवा परत भरा, नाहीतर टायर तापून फुटतो. बारा व्होल्टचा पंप गाडीत ठेवा.

हे बंदरावर मासळी भरायला जाणाऱ्या पिकअपवाल्यांसाठी लिहितोय. मजेसाठी किनाऱ्यावर गाडी घालू नका. आंजर्ले, वेळासला वाळूत कासवांची अंडी असतात, आणि चाकाखाली काय गेलं ते आत बसलेल्याला कळत नाही.

खाऱ्या वाळूतून आलात की रिम गोड्या पाण्याने आतून धुवा. रिमला टायर टेकतो तिथे गंज चढला की हवा रोज दोन-तीन पौंड उतरते, आणि लोक पंक्चर शोधत बसतात.

जुने टायर घरी नेण्यापेक्षा होडीवाल्यांना द्या, ते कडेला बांधतात. परसात टाकलेत तर श्रावणापर्यंत त्यात डासच डास.