लांब जुन्या लेन्सला शटर शोधताय? या चुका टाळा

मोठ्या शीट फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी १९ इंची गोएर्झ रेड डॉट आर्टार ही लेन्स हाती लागली, की आनंद ओसरायच्या आत शटरचा प्रश्न उभा राहतो. ही लेन्स छपाईच्या प्रोसेस कॅमेऱ्यासाठी, म्हणजे छापखान्यात मूळ चित्राची प्रत घेणाऱ्या कॅमेऱ्यासाठी, घडवलेली. तिथे एक्स्पोजर सेकंदांत मोजायचे, म्हणून बहुतेक नग नुसत्या बॅरलमध्येच, म्हणजे शटर नसलेल्या नळीत, मिळतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे हिशेब न करता शटर घेणं. १९ इंच म्हणजे साधारण ४८० मिमी. पूर्ण उघडी असताना, एफ/११ ला, ॲपर्चरचा (लेन्समधल्या छिद्राचा) व्यास ४४ मिमी होतो आणि कोपल ३ या तयार शटरचं तोंड जेमतेम ४५ मिमी! लेन्स या शटरच्या पुढे बसवली तर एफ/११ च्या आसपास चित्राच्या कोपऱ्यांचा प्रकाश अडू शकतो. निसर्गचित्रं एफ/३२ ला घेणाऱ्याला ते चालून जातं, पण लेन्स आणि शटर जोडणारी रिंग आखूडच हवी. खात्री करायला ग्राउंड ग्लासच्या (कॅमेऱ्यामागच्या फोकस करायच्या दुधी काचेच्या) कापलेल्या कोपऱ्याला डोळा लावा. ॲपर्चर पूर्ण दिसलं तर उत्तम. कडा चेपून ते डोळ्याच्या आकाराचं दिसलं तर शटर आड येतंय. आकार पूर्ण होईपर्यंत ॲपर्चर लहान करत जा.

पुढची-मागची काच काढून मिळेल त्या शटरमध्ये पिळू नका. दोन्हींमधलं अंतर बिघडलं की चित्राची धार जाते.

स्पीड ग्राफिक या जुन्या कॅमेऱ्याचं अंगचं पडदा-शटर १/१००० पर्यंत जातं म्हणून भुलू नका. त्याचा बेलोज (घडीचा भाता) फूटभराचा, त्यात ही लेन्स फोकसच होणार नाही.

हवेच्या दाबावर चालणारं पॅकार्ड शटर मला मनापासून आवडतं. रबरी फुगा दाबला की उघडतं, सोडला की मिटतं. पिन घातली तर एका दाबात सुमारे १/२५ सेकंद. ते अर्धवट उघडायला लागलं तर आधी नळीला चीर गेली आहे का पाहा. मी थेट सिलिंडरमध्ये तेल सोडलं, त्यावर धूळ बसली आणि शटर कायमचं जाम झालं.

आणि खरं सांगायचं तर शटर लागतंच असं नाही. मोकळ्या सावलीत, आयएसओ १०० आणि एफ/६४ ला सुमारे एक सेकंद येतो; पिवळा फिल्टर लावला की दोन. लेन्सला टोपण लावून डार्क स्लाइड (फिल्मपुढची झाकणपट्टी) काढा. टोपण सैल करून लेन्ससमोरच धरा, कॅमेऱ्याची थरथर थांबू द्या, मग बाजूला घ्या, मोजा, परत झाका.