तराफा शैलीचा एल्म: पक्व बोन्साय राखताना आणि मांडताना

तराफा शैलीत पाच-सात खोडं दिसतात, पण झाड एकच असतं. मूळ खोड आडवं पाडलेलं, त्याच्या वरच्या फांद्या उभ्या वाढून खोडं झालेली आणि खालच्या बाजूची साल काढली तिथून मुळं फुटलेली. नवखा माणूस प्रत्येक खोडाला वेगळं झाड समजतो आणि सगळ्यांना सारखी कात्री लावतो. मग दोन-तीन हंगामांत मधलं बारीक खोड वाळतं, उंच खोडाचा शेंडा मात्र झाडूसारखा दाट होतो. मूळ खोडातून येणारी ताकद सगळ्यांना समान वाटली जात नाही. उंच, कडेचं आणि उन्हाकडचं खोड ती ओढून घेतं. पक्व तराफ्यावरचं निम्मं काम ही ओढाताण आटोक्यात ठेवण्याचं आहे.

हे सगळं चिनी एल्मबद्दल, म्हणजे उल्मस पार्व्हिफोलियाबद्दल आहे. आपला वावळ याच कुळातला, पण त्याचं पान बोटापेक्षा लांब. बारीक डहाळ्यांच्या कामाला तो जुळत नाही.

आधी आडवं खोड तपासा

छाटणीचा विचार नंतर. फेब्रुवारीत, नवी फूट हलायच्या आधी, आडव्या खोडावरचं शेवाळ बाजूला करून बांबूच्या टोकदार काडीने लाकूड दाबून पाहा. एल्मचं मेलेलं लाकूड लवकर कुजतं. साताऱ्याच्या पावसाळ्यात शेवाळाखाली ते महिनोन्महिने ओलं राहतं. काडी आत रुतली तर मऊ भाग कोरून काढा, आठवडाभर सुकू द्या आणि चुना-गंधकाचं द्रावण ब्रशने लावा. ते वाळल्यावर पांढरंफटक दिसतं, म्हणून त्यात काळ्या शाईचे दोन-चार थेंब घालून राखाडी करा. द्रावण मातीत गळू देऊ नका. कूज दुर्लक्षित राहिली तर आडवं खोड मधेच तुटतं आणि एका तराफ्याचे दोन तुकडे होतात; त्यातल्या कमी मुळांच्या तुकड्यावरची खोडं आधी जातात.

कुंपण दिसू नये म्हणून

सगळी खोडं एका रेषेत उगवतात, हा या शैलीचा जन्मजात दोष. पक्व झाडाचं आडवं खोड आता वाकणार नाही. जे करता येतं ते असं: दर्शनी बाजू दहा-पंधरा अंशांनी फिरवून पाहा, बारीक खोडांचे शेंडे ओढतारेने, म्हणजे ताणून बांधलेल्या तारेने, थोडे मागे न्या, जाड खोडाचा शेंडा किंचित पुढे घ्या. लागोपाठ तीन खोडांत सारखं अंतर असेल तर मधलं काढायची तयारी ठेवा. मात्र ज्या वर्षी खोड काढाल त्या वर्षी कुंडी बदलू नका. एका वर्षात एकच मोठी शस्त्रक्रिया.

फांद्यांचा नियम जंगलासारखाच. कडेच्या खोडांच्या फांद्या बाहेर, मधल्यांच्या फक्त पुढे-मागे आणि वरच्या भागात. दोन खोडांच्या मधोमध आडवी घुसणारी फांदी कितीही जुनी असली तरी ठेवू नका. ती मोकळी जागा गेली की खोडं मोजता येत नाहीत.

डहाळ्यांचं काम

द्राक्षबागेत काम केलेल्या तासगाव-पलूसकडच्या माणसाला हे निम्मं आधीच येतं: पेर (दोन पानांमधला दांडा), डोळा (पानाच्या बगलेतली कळी), विरळणी, शेंडा मारणं. एल्मची पानं एकाआड एक येतात, त्यामुळे शेवटी जो डोळा ठेवाल त्याच दिशेला नवी फूट जाते. फूट सहा पानांवर गेली की दोनवर आणा, आणि दुसऱ्या पानाचा डोळा बाहेर किंवा बाजूला पाहतोय याची खात्री करा. वर पाहणाऱ्या डोळ्यावर कापलं तर पुढच्या खेपेला सरळ उभा चाबूक मिळतो.

छाटल्यावर त्याच जागी चार-पाच फुटवे एकदम येतात. त्यातले दोन ठेवा, बाकीचे कोवळे असतानाच नखाने काढा. राहू दिले तर गाठ फुगते. अशी गाठ एकदा झाली की पूर्ण कापून डहाळी नव्याने उभी करावी लागते. नुसती तासून ती परत फुगते.

आता ताकदीचं गणित. उंच मुख्य खोडाचा वरचा तिसरा भाग तीन आठवड्यांनी छाटत राहा. मधल्या खोडांच्या खालच्या फांद्या पूर्ण हंगाम सोडा, आठ-दहा पानांपर्यंत जाऊ द्या, मग एकदाच कापा. जूनच्या आत निरोगी झाडावर फक्त दांडग्या खोडांची पानं काढता येतात: देठ ठेवून पानाचं पातं कापायचं. तीन-चार आठवड्यांत नवी, लहान पानं येतात. ज्या खोडाची ताकद वाढवायची, त्याच्या एकाही पानाला हात लावायचा नाही. कुंडी बदललेल्या वर्षी पानं काढणं पूर्ण बंद.

नत्र कधी द्यायचं, यावर पेराची लांबी ठरते. वसंतातली पहिली फूट कडक होईपर्यंत खत नको, नाहीतर पेरं लांबतात आणि वर्षभर तीच कापत बसावं लागतं. नंतर दर पंधरा दिवसांनी शेंगदाणा पेंडीचं पातळ पाणी पुरे.

फांदीला वळण द्यायला गुंडाळायची तार गरजेपुरतीच, फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाची. वाढीच्या दिवसांत एल्म भराभर जाडावतो. पंधरा दिवसांनी बघितलं नाही तर सालीत वळं उमटतात. जुन्या फांद्या बेचक्यात फाटतात, तिथे वाकवण्यापेक्षा कापून नवी फूट घ्या.

माती, पाणी, ऊन

उथळ ट्रेमध्ये पाणी तळाशी अडकतं, खोल कुंडीपेक्षा जास्त. म्हणून मिश्रण भरड हवं: पक्क्या भाजलेल्या विटांची २ ते ५ मिलिमीटरची खडी तीन भाग, धुतलेली जाडी वाळू एक भाग, कुजलेलं पानखत एक भाग. सगळी धूळ चाळून टाका. कच्च्या विटेचा पावसाळ्यात चिखल होतो, आणि काळी माती तर चिमूटभरही नको. कुंडी दर दोन-तीन वर्षांनी फेब्रुवारीत बदला. मुळांचा तिसरा हिस्सा काढा, पण मूळ बुडख्याच्या बाजूने जास्त आणि दुर्बळ खोडाखालून अगदी थोडा.

संततधार लागली की ट्रेच्या एका टोकाखाली अर्धी वीट ठेवा. तिरक्या ट्रेमधून अडलेलं पाणी निघून जातं. सांगलीचा उन्हाळा उलट बाजूने मारतो: उथळ ट्रे तापतो आणि काठाची मुळं भाजतात. मार्चच्या मध्यापासून ५० टक्क्यांची शेडनेट लावा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर बुडख्यावर पांढरा थर चढतो. पातळ व्हिनेगर आणि जुना दात घासायचा ब्रश यांनी तो निघतो.

लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण दिसले तर निंबोळी तेल मारा. घरात शेतीचं डायमेथोएट पडून असलं तरी ते चिनी एल्मवर नको, पानं झडतात. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट चालते, फक्त निळा डाग मांडणीत दिसतो. दर्शनी बाजूला साधी कट-पेस्ट, म्हणजे काप झाकायचा लेप, वापरा.

मांडणी

टोकियोचं कोकुफू-तेन हे १९३४ पासूनचं बोन्साय प्रदर्शन फेब्रुवारीत भरतं आणि पानझडी झाडं तिथे बहुधा निष्पर्ण मांडतात. आपल्याकडे एल्म पूर्ण झडत नाही. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत असतं, तेव्हा दोन पर्याय उरतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, द्राक्षांची फळछाटणी चालू असते तेव्हा, सगळी पानं काढा. जानेवारीत लहान, कडक पानांचं झाड मिळेल. किंवा प्रदर्शनाआधी दोन-तीन दिवस हाताने पानं उतरवून नुसत्या डहाळ्या दाखवा. आमच्या मते दुसरा पर्याय खरा. पानं गाठीही झाकतात आणि चुकीच्या फांद्याही. पण डहाळ्या बारीक झालेल्या नसतील तर पहिल्या वर्षी पानांसहच न्या.

ट्रे लांब, उथळ, अंडाकृती, बिनचकाकीचा, ३ ते ५ सेंटिमीटर खोल. खाली उंच पायांचा स्टँड नको. हे झाडीचं दृश्य आहे, त्याला बुटका, रुंद स्टँड किंवा पातळ फळी शोभते. फळी ट्रेपेक्षा दोन्ही बाजूंना थोडी बाहेर यावी. सोबतचं रोप गवताचं, वीतभरापेक्षा बुटकं. मागे साधा फिका पडदा. पाहणाऱ्याची नजर खोडांच्या खालच्या निम्म्या भागावर पडेल इतपत उंच टेबल घ्या.

शेवाळ महिनाभर आधी बसवा, म्हणजे कडा जुळतात. ते गच्चीच्या किंवा विहिरीच्या भिंतीवरून आणा, कास पठारावरून नाही. ते संरक्षित क्षेत्र आहे. बुडखे आणि आडव्या खोडाची पाठ उघडी ठेवा. तराफा आहे हे तिथेच दिसतं.

साताऱ्याहून पुण्याला नेताना वाटेतली वळणं आणि ब्रेक लक्षात घेऊन ट्रे लाकडी खोक्यात दोरीने आवळा आणि खोडांच्या मधे स्पंजचे तुकडे घाला. परत आल्यावर झाड पंधरा दिवस सावलीत, खताशिवाय ठेवा. शेवाळाची जाड गादी काढून टाका, नाहीतर आडवं खोड पुन्हा ओलं राहायला लागतं.